साके चाखायला शिकताना: एका वेळी दोनच पेले

जपानात आले त्या पहिल्याच महिन्यात मी मोठ्या हौसेने साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची, एक बाटली घरी आणली. स्वस्त होती, लेबल देखणं होतं. पहिला घोट घेतला आणि वाटलं, समुद्रात बुडी मारताना नाकातोंडात पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका सहकाऱ्याला फोटो दाखवला तर तो हसूनहसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. मी स्वयंपाकाची साके प्यायले होते. तिच्यात मुद्दाम दोन-तीन टक्के मीठ घालतात. मग ती पिण्यालायक राहत नाही आणि तिच्यावर मद्याचा करही लागत नाही.

त्यानंतरची दोन वर्षं मी 'सगळ्या प्रकारच्या' साके चाखण्यात घालवली आणि फारसं काही शिकले नाही. मूळची नाशिकची, त्यामुळे वाइनचा पेला गोल फिरवून वास घेण्याचे सोहळे पाहिलेले होते. इथे ते अर्धवटच कामाला आलं. एका संध्याकाळी आठ प्रकार चाखायचे, तिसऱ्यानंतर जीभ बधिर, आणि घरी येताना लक्षात काय, तर 'चौथी छान होती बहुतेक.' पुढे एका छोट्या दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्यासमोर दोनच पेले ठेवले. कारखाना तोच, तांदूळ तोच, फरक फक्त एका गोष्टीचा. त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी कळलं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका युक्तीभोवती आहेत.

१. आधी योग्य कपाटापाशी जा

जपानीत 'साके' म्हणजे कुठलीही दारू, बीअरसुद्धा. आपल्याला हवी असते ती निहोन्शू, म्हणजे तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट यांपासून आंबवलेली. दुकानात, हॉटेलात हाच शब्द वापरा. ही ऊर्ध्वपातन केलेली दारू नव्हे; तिच्यात साधारण १५-१६ टक्के अल्कोहोल असतं आणि कायद्याने २२ टक्क्यांच्या खालीच असावं लागतं. त्यामुळे छोट्या पेल्यातून एका दमात घशाखाली ढकलायची पद्धत विसरा.

शेजारच्याच फळीवर तशाच बाटल्यांत शोचू उभी असते. ती ऊर्ध्वपातित, बहुतेक वेळा २५ टक्क्यांची, रताळ्याची किंवा बार्लीची. टक्केवारीचा आकडा बघितलात तर फसणार नाही. आणि मिठाची ती बाटली दारूच्या नाही, सोया सॉस आणि व्हिनेगरच्या कपाटात असते. मला तेव्हा एवढंही सुचलं नाही.

२. लेबलवर फक्त दोन गोष्टी शोधा

जपानी वाचता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करता येतं, पण ते कारखान्यांच्या नावांचे विनोदी अर्थ लावतं. मी बाटली फिरवून मागचं लेबल बघते.

पहिली गोष्ट, घटकांची यादी. दोनच घटक असतील, तांदूळ आणि तांदळाची कोजी, तर ती जुनमाइ. तिसरा घटक दिसला तर तो बहुधा वरून घातलेला अल्कोहोल. तांदळाचं चित्राक्षर ओळखायला सोपं आहे: बेरजेचं चिन्ह काढा आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार फटकारे मारा.

दुसरी, टक्केवारी. अल्कोहोलच्या आकड्याखेरीज ५० किंवा ६० असा जो दुसरा आकडा दिसतो तो तांदूळ किती सडला, म्हणजे घासून पांढरा केला, त्याचा. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा घसरतो: हा आकडा काढून टाकलेल्या कोंड्याचा नसून उरलेल्या दाण्याचा असतो. ६० म्हणजे चाळीस टक्के दाणा घासून काढला. आपण हातसडीच्या तांदळाचं कौतुक करतो; इथे उलट. दाण्याच्या बाहेरच्या थरांतली प्रथिनं आणि स्निग्धांश साकेत जडपणा आणतात, म्हणून मधला पांढरा स्टार्चचा गाभा जपायचा.

नावं या आकड्यांवरच बेतलेली आहेत. ७० किंवा त्याखाली होन्जोझो, ६० किंवा त्याखाली गिंजो, ५० किंवा त्याखाली दाइगिंजो. नावाआधी जोडलेलं 'जुनमाइ' एवढंच सांगतं की अल्कोहोल घातलेला नाही. नुसत्या जुनमाइला २००४ पासून सडण्याची मर्यादा नाही. या चौकटीत न बसणारी ती फुत्सूशू, रोजची साधी साके.

जुनमाइ नसेल तर भेसळ, असं मात्र समजू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर तांदळाच्या टंचाईमुळे अल्कोहोल आणि साखर घालून साके फुगवली जायची, त्याची बदनामी अजून पुसलेली नाही. आज होन्जोझो किंवा गिंजोमध्ये घालायच्या अल्कोहोलला तांदळाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. आणि वासाचे बरेचसे घटक अल्कोहोलमध्ये चांगले विरघळतात, त्यामुळे निपुण कारागीर सुगंध उचलून धरायलाही तो वापरतात.

अधिक-वजा चिन्हांचा आणखी एक आकडा काही बाटल्यांवर असतो. अधिक म्हणजे कोरडी, वजा म्हणजे गोडसर. तो फक्त द्रवाची घनता सांगतो. आंबटपणा जास्त असेल तर वजा आकड्याची साकेही जिभेला कोरडी वाटते. कोरडीला इथे 'काराकुची' म्हणतात आणि 'कारा' म्हणजे तिखटही, म्हणून 'ही तिखट आहे' असं मोडक्या इंग्रजीत कोणी सांगितलं तर मिरचीची वाट बघत बसू नका.

३. सामान जमवा

- एकसारखे तीन पेले. वाइनचे छोटे ग्लास चालतात. हौस असेल तर तळाशी दोन निळी वर्तुळं असलेला पांढरा चिनी मातीचा पेला घ्या. पांढऱ्यावर रंग दिसतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा कळतो.
- ३०० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या, किंवा १८० मिलिलिटरचे काचेचे कप.
- पिण्याचं पाणी, साकेपेक्षा जास्त.
- थुंकायला एक जाड मग.
- वही.
- कोमट करायची असेल तर तोक्कुरी, म्हणजे निमुळत्या मानेची सुरई, आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर.

मासु, म्हणजे लाकडाचा चौकोनी पेला, दिसायला गोड, पण तुलनेला निरुपयोगी. सगळ्याला लाकडाचाच वास येतो.

पहिल्याच आठवड्यात १.८ लिटरची मोठी बाटली घेऊ नका. दराने स्वस्त पडते, फ्रिजमध्ये उभी राहत नाही, आणि आवडली नाही तर महिनाभर टोचत राहते.

४. चाखण्याची रीत

एका पेल्यात ३० मिलिलिटर पुरे. सहा वेळा ओतलंत की १८० मिलिलिटर होतात, म्हणजे जपानी मापाने एक गो; त्यात साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. संध्याकाळला तेवढी मर्यादा ठेवा.

जेवणाआधी चाखा, आणि फोडणीनंतर तर नकोच. एकदा मी पोह्यांना हिंग-मोहरी दिल्यावर लगेच दाइगिंजो उघडली. कितीही नाक खुपसलं तरी मला हिंगाचाच वास. उदबत्ती, अत्तर, कॉफी, बडीशेप यांचंही तेच.

आधी रंग बघा. मग पेला न हलवता वास घ्या. मग चहाच्या चमच्याएवढा घोट घेऊन जिभेवर पसरवा, ओठांमधून जराशी हवा आत ओढा आणि नाकाने श्वास सोडा. नुसत्या पेल्याला जो वास नव्हता तो इथे सापडतो. मग थुंका. इथले व्यावसायिक परीक्षक थुंकतातच. प्रत्येक जोडीतला शेवटचा घोट मात्र मी गिळते, कारण घशाखाली गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते हे थुंकून कळत नाही.

आता वही. लेबलवरचे शब्द उतरवू नका, आपल्या तोंडी येतील ते लिहा. माझ्या वहीत 'वेलची केळं', 'खरबुजाची साल', 'कुकर उघडल्यावरचा भात', 'आदल्या दिवशीचं ताक', 'काकवी', 'ओली पाटी' असं काहीबाही आहे. केळ्याचा आणि सफरचंदाचा वास कल्पनेतला नाही. त्या फळांत असलेलेच काही सुगंधी घटक यीस्ट तयार करतं. 'फुलांची मोहक झुळूक' लिहिलंत तर आठवड्याने ते वाक्य तुम्हालाच काही सांगणार नाही.

५. जोड्या लावा

प्रत्येक जोडीत एकच गोष्ट बदलायची. हे जमलं तर बाकी सगळं जमतं.

*तांदूळ घासण्याची जोडी.* यामागुची प्रांतातली दास्साइ ही साके यासाठी सोयीची. ४५ आणि २३ अशा दोन बाटल्या घ्या. दोन्ही जुनमाइ दाइगिंजो, दोन्हींत यामादा निशिकी हाच तांदूळ, फरक दाणा किती उरला याचा. छोट्या बाटल्यांचा संचही मिळतो. २३ जास्त रेशमी लागेल. ती दुप्पट आवडेल का, हे मात्र प्रामाणिकपणे लिहा. मला ४५च आवडते आणि हे कबूल करायला मला वर्ष लागलं. महाग म्हणजे चांगली, हा सापळा खिशातच असतो.

*आंबवण्याच्या रीतीची जोडी.* साकेच्या विरजणात लॅक्टिक आम्ल लागतं, म्हणजे नको ते जंतू वाढत नाहीत. बहुतेक कारखाने ते तयार मिळतं ते घालतात. ही रीत १९१० सालची. जुन्या किमोतो रीतीत भात-कोजीचं मिश्रण काठ्यांनी घोटून हवेतल्या जिवाणूंना ते काम करू देतात, आणि त्याला वेळ लागतो. १९०९ मध्ये लक्षात आलं की घोटण्याची मेहनत वगळली तरी चालतं, ती यामाहाइ. इडलीचं पीठ रात्रभर फुगवत ठेवणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. फुकुशिमाची दाइशिचि किमोतोसाठी प्रसिद्ध, इशिकावाची तेंगुमाइ यामाहाइसाठी. त्यांच्याशेजारी कुठलीही साधी जुनमाइ ठेवा. तांदूळ आणि कारखाना वेगळे असल्याने ही जोडी तितकी काटेकोर नाही, पण फरक इतका ढळढळीत असतो की चालून जातं. मला पहिल्या वासात ताक आणि अळंबी सापडली. माझ्या नवऱ्याने पेला लगेच परत दिला.

*पाण्याची जोडी.* कोबेजवळच्या नादाचं मियामिझू पाणी कठीण, खनिजांनी भरलेलं आणि लोहाला जवळजवळ पारखं. त्याचा गुण १८४० मध्ये लक्षात आला. खनिजांमुळे यीस्ट जोमाने काम करतं आणि साके कोरडी, ताठ उतरते. क्योतोच्या फुशिमीचं पाणी त्या मानाने मृदू, साकेही तशीच. म्हणून जुनी म्हण: नादाची पुरुषी साके, फुशिमीची बायकी साके. म्हणीबद्दल मला जे वाटतं ते असो. नादाची किकुमासामुने आणि फुशिमीची गेक्केइकान यांचे साधे कप शेजारी ठेवलेत तर ती कशावरून पडली ते समजतं. दोन्ही स्वस्त, जवळपास कुठेही मिळणाऱ्या. नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत.

*कच्ची आणि तापवलेली.* बहुतेक साके साधारण ६५ अंशांपर्यंत दोनदा तापवतात. सोळाव्या शतकातल्या नाराच्या एका देवळाच्या रोजनिशीत साके तापवल्याची नोंद आहे, म्हणजे पाश्चरच्या तीनशे वर्षं आधी. एकदाही न तापवलेली ती नामाझाके. तिला हिरवा, ताजा, किंचित झणझणीत स्वाद असतो. एकाच कारखान्याची एकच साके दोन्ही रूपांत वसंतात मिळते, तेव्हा ही जोडी लावा. नामाझाके फ्रिजबाहेर ठेवायची नाही. मी एकदा ती ऑगस्टमध्ये पिशवीत घालून दिवसभर फिरले. संध्याकाळी बाटलीत काहीतरी कोंदट, भिजल्या कपड्यासारखं होतं.

एका बैठकीला दोन जोड्या, बस. हलकी आधी, भारदस्त नंतर. गढूळ निगोरी, पाणी न मिसळलेली १८-२० टक्क्यांची गेन्शू आणि मुरवलेली कोशू शेवटी. कोशूचा रंग चहासारखा, स्वाद खजूर-काकवीचा. ती आधी घेतलीत तर नंतरचं सगळं पाणी.

आणि आठवड्यातून एकदा स्वतःची परीक्षा घ्या. घरातल्या कोणाला तरी तीन पेले भरायला सांगा, दोनांत एक साके आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. पहिल्या महिन्यात मी पाचपैकी चार वेळा चुकले, आणि त्यातली एक जोडी माझ्या 'आवडत्या' आणि 'नावडत्या' साकेची होती.

६. ऊब बदलून बघा

ही सगळ्यांत स्वस्त जोडी, कारण बाटली एकच लागते. जपानीत दर पाच अंशांना नाव आहे. पाचाला 'बर्फाचा गारवा', दहाला 'फुलांचा गारवा', तिसाला 'उन्हातली ऊब', पस्तिसाला 'माणसाच्या अंगाची ऊब', चाळिसाला नुरुकान, पन्नासला आत्सुकान.

हॉटेलातला सापळा: 'हिया' या शब्दाचा अर्थ थंड असा वाटतो, पण जुन्याजाणत्या ठिकाणी त्याचा अर्थ खोलीच्या तापमानाची. फ्रिज येण्याआधी साके गरम किंवा 'न गरम केलेली' एवढीच असायची. थंड हवी तर 'रेइशू' म्हणा.

घरी पाणी उकळून गॅस बंद करा आणि भरलेली तोक्कुरी मानेपर्यंत त्यात ठेवा. दोन-तीन मिनिटांत चाळिशीच्या आसपास येते; थर्मामीटर बघा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा भाग उकळतो आणि तळ गारच राहतो. सुगंधी दाइगिंजो तापवली तर बहुतेक वेळा वास उडून जातो. जुनमाइ आणि यामाहाइ मात्र चाळीस अंशांना अशा खुलतात की थंड प्यायलेली हीच का, असं वाटतं. गरम साके म्हणजे हलक्या प्रतीची, असं सांगणारे भेटतील. त्यांना यामाहाइ पाजा.

७. मग बाहेर पडा

इझाकायात, म्हणजे जपानी दारूच्या खानावळीत, 'नोमिकुराबे' मागा. तीन छोटे पेले एका ताटलीत येतात. कुठले तीन ते निवडू देत असतील तर वरच्या जोड्या आठवा. नाहीतर ते तीन परस्परांशी काही संबंध नसलेले प्रकार मांडून मोकळे होतात.

बसल्याबसल्या न मागता एक वाटी येईल. ती ओतोशी. बहुतेक ठिकाणी तिचे तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात, म्हणून भांडत बसू नका, तो रिवाज आहे. शाकाहारी असाल तर मात्र सांभाळा, तिच्यात अनेकदा मासा असतो. थंड तोफू निर्धास्त वाटतो, पण त्यावर सुकवलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला असतो. 'कात्सुओबुशी नाशी दे' म्हणून आधीच सांगा. उकडलेल्या शेंगांचे एदामामे सगळ्यांत सुरक्षित.

तोक्योहून एक दिवस काढता आला तर जोएत्सु शिनकानसेन या बुलेट ट्रेनने एचिगो-युझावाला जा, सव्वा-दीड तासाचा प्रवास. स्टेशनातच पोन्शुकान आहे. भिंतभर यंत्रं, आणि त्यांत निगाता प्रांतातल्या कारखान्यांच्या साके. मी गेले तेव्हा ५०० येनला पाच नाणी आणि एक पेला मिळत होता. पाच नाणी म्हणजे पाच घोट, म्हणून आत शिरतानाच ठरवा कशाची तुलना करायची. निगाताची साके बहुतेक हलकी आणि कोरडी, तेव्हा तिथे 'कोरडी की गोड' ऐवजी तांदूळ तपासा: गोह्याकुमांगोकू हा तिथला घरचा, आणि त्याच्यासमोर यामादा निशिकी.

हिरोशिमाजवळचं साइजो मला त्याहून आवडलं. स्टेशनातून बाहेर पडलं की लाल विटांची धुराडी दिसतात आणि सात कारखाने चालत फिरता येतात. ऑक्टोबरमधल्या साके उत्सवाला मात्र चेंगराचेंगरी असते. शिकायचं असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या दिवशी जा. कारखान्याच्या दारावर देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला दिसेल. हिरवागार असेल तर नवी साके तयार आहे. तपकिरी होत जाईल तसे महिने उलटलेत.

वयाचा पुरावा जवळ ठेवा, मर्यादा २० वर्षांची आहे. आणि गाडी नको. सायकलसुद्धा नको, २०२४च्या नोव्हेंबरपासून थोडी पिऊन सायकल चालवली तरी दंड किंवा कैद होऊ शकते, आणि पिणाऱ्याला सायकल देणाराही अडकतो.

८. घरी नेताना, आणि उरलेलीचं काय

भारतात परतताना एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त नेता येतं. म्हणजे ७२० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात. चेक-इन सामानात, जाड कपड्यांत गुंडाळून. नामाझाके नेऊ नका, मुंबईच्या उकाड्यात तिचं काही खरं नाही. आईबाबांसाठी नेत असाल तर साधी तापवलेली जुनमाइ न्या. थंडही चालते, गरमही.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, उभी आणि अंधारात. साकेला उजेड सोसत नाही; पारदर्शक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळते मी. आठवडा-दहा दिवसांत संपवा. त्यानंतर पिववत नसेल तर भात लावताना दोन वाट्या तांदळाला एक मोठा चमचा घाला. शिते मोकळी आणि चकचकीत होतात, आणि अल्कोहोलचा वास वाफेबरोबर जातो. स्वयंपाकाच्या त्या खारट बाटलीचंही मी शेवटी हेच केलं. फक्त भातात मीठ घालायचं नाही.